समर इंटर्नशिप : ऑनलाइन टेस्टपासून शेवटच्या डेमोपर्यंत

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असाल आणि पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आठ ते बारा आठवडे इंटर्न म्हणून जायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी मुलाखती घेते आणि इंटर्न्सची मेंटॉर म्हणूनही काम करते. त्यामुळे मुलं कुठे अडकतात ते दोन्ही बाजूंनी दिसतं. अभ्यास बहुतेकांनी केलेला असतो, पण कामांचा क्रम चुकतो आणि मुलाखतीत नि ऑफिसात दोन्हीकडे मुलं गप्प बसतात. कॉलेजात गप्प बसून बरोबर उत्तर लिहिलं की मार्क मिळतात. इथे तसं होत नाही.

## टप्पा १ : तारखा आणि निकष

मोठ्या कंपन्यांची मे महिन्याची भरती आदल्या वर्षीच सुरू होते. ज्या कॉलेजांत कॅम्पस चांगला चालतो, तिथे तिसरं वर्ष सुरू होताच जुलै-ऑगस्टमध्ये टेस्टचे मेल यायला लागतात. 'पाचवं सेमिस्टर संपू दे, मग बघू' म्हणणाऱ्यांना जानेवारीत उरल्यासुरल्या जागा मिळतात. म्हणून दुसरं वर्ष संपल्यावरची सुट्टी हीच तयारीची खरी वेळ.

आधी टीपीओकडून (कॉलेजचा प्लेसमेंट अधिकारी) मागच्या वर्षीच्या कंपन्यांचे निकष घ्या : किमान सीजीपीए, दहावी-बारावीची टक्केवारी, चालू केटी (राहिलेला विषय) चालते का, वायडी (वाया गेलेलं वर्ष) चालतो का. चालू केटी आणि निघालेली केटी यांत कंपन्या फरक करतात. बऱ्याच ठिकाणी निघालेली केटी अडत नाही, चालू असलेली अडते. फॉर्ममध्ये केटी लपवू नका. नंतरच्या पडताळणीत मार्कशीट मागतात आणि मग ऑफर जाते ती खोट्या माहितीमुळे, केटीमुळे नव्हे.

दुसरं काम परीक्षेच्या तारखांचं. ऑटोनॉमस कॉलेजांची परीक्षा मेमध्ये आटोपते, पण विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत ती लांबत जूनपर्यंत जाऊ शकते. कंपनी मात्र सगळ्या इंटर्न्सना मेच्या मध्यावर बोलावते. हा पेच मे महिन्यात एचआरला कळला तर उपाय नसतो. ऑफर हातात आल्याबरोबर कळवलं तर जॉइनिंग पुढच्या बॅचमध्ये ढकलता येतं.

कॅम्पसला कंपन्या येत नसतील तर कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवरून अर्ज करा आणि त्याआधी रेफरल, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्याची शिफारस, मिळवा. कॉलेजचे सीनियर हा त्यासाठी सगळ्यात जवळचा रस्ता. त्यांना 'दादा, काही असेल तर सांग' असा मेसेज पाठवू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही. जागेचा जॉब आयडी, रेझ्युमेची पीडीएफ आणि 'ही जागा मला का जुळते' याच्या दोन ओळी एकाच मेसेजमध्ये द्या. समोरच्याला फक्त फॉर्म भरायचं काम उरलं पाहिजे. जेपी मॉर्गनचं कोड फॉर गुड, फ्लिपकार्टचं ग्रिड अशा स्पर्धांमधूनही मुलाखतीचं दार उघडलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या नोंदणीच्या तारखांवर लक्ष असू द्या.

सावधान : 'ट्रेनिंग फी', 'लॅपटॉप डिपॉझिट', 'सर्टिफिकेट चार्ज' मागणारी ऑफर मोठ्या कंपनीची नसते. मेल जीमेलवरून आला असेल आणि मुलाखत फक्त व्हॉट्सअॅपवर झाली असेल, तर एक रुपयाही देऊ नका आणि आधारची प्रतही पाठवू नका.

## टप्पा २ : एका पानाचा रेझ्युमे

पान एकच आणि फाइल पीडीएफ. नाव 'रेझ्युमे फायनल २ नवीन' असं नको, स्वतःचं असू द्या. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, खाली सहीसकट 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र, हे सगळं लग्नाच्या बायोडेटात शोभतं, इथून काढा. दोन रकाने, चौकटी, टक्केवारी दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या टाळा, कारण छाननीच्या सॉफ्टवेअरला त्या नीट वाचता येत नाहीत. शिवाय 'पायथॉन ८०%' म्हणजे नक्की काय, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रोजेक्टच्या ओळींवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक रेझ्युमेंत असं असतं : 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. जावा, मायएसक्यूएल.' यावर मी काय विचारणार? त्याऐवजी असं लिहा : 'चौघांच्या प्रोजेक्टमध्ये पुस्तक-आरक्षणाचा भाग मी केला. एकाच प्रतीवर दोघांचं आरक्षण होत होतं, ते डेटाबेस ट्रान्झॅक्शन वापरून थांबवलं.' आता मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न मिळाला, आणि तो तुम्ही निवडलेला प्रश्न आहे.

तपासणी : रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे असंच का केलं? दुसरा मार्ग कोणता होता? वापरणारे शंभरपट झाले तर आधी काय मोडेल? ज्या ओळीवर तिन्ही उत्तरं येत नाहीत ती ओळ उडवा. मित्राचं प्रोजेक्ट आपल्या नावावर लावलेलं असेल तर ते दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं.

## टप्पा ३ : ऑनलाइन टेस्ट

हॅकररँक किंवा तसल्याच एखाद्या प्लॅटफॉर्मवर साधारण एक ते दीड तासाची टेस्ट असते : कोडिंगचे दोन-तीन प्रश्न, कधी सोबत ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) आणि नेटवर्कचे बहुपर्यायी प्रश्न. इथे चुका ठरलेल्या असतात.

१. प्रश्न वाचून लगेच टाइप करायला लागणं. आधी खालच्या मर्यादा वाचा. 'यादीत १ लाखापर्यंत संख्या' असं असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे १००० कोटी फेऱ्या. संगणक सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया करतो असं धरा, आणि वेळ मिळतो एक-दोन सेकंदांचा. म्हणजे ती पद्धत बाद, हे एक अक्षर न लिहिता कळतं.

२. इंटिजरची मर्यादा विसरणं. सी प्लस प्लस किंवा जावात साध्या इंटमध्ये सुमारे २१४ कोटींपर्यंतच आकडा मावतो. प्रत्येक संख्या १०० कोटींपर्यंत असू शकेल तर बेरीज तिसऱ्याच संख्येला बाहेर जाते. दिलेली उदाहरणं पास होतात, लपलेल्या टेस्ट केसेस पडतात आणि मुलं कोड परत परत वाचत बसतात. लाँग वापरा.

३. पहिल्याच प्रश्नावर तासभर अडून राहणं. आधी सगळे प्रश्न वाचा. पुष्कळ ठिकाणी जितक्या टेस्ट केसेस पास तितके गुण मिळतात, म्हणून सुचलेलं साधं, हळू चालणारं उत्तरही सबमिट करून ठेवा आणि मग सुधारा.

४. टॅब बदलणं. कॅमेरा चालू असतो, टॅब बदलल्याची नोंद होते आणि दोघांचे कोड सारखे आहेत का हेही तपासतात. चलांची नावं बदलून काही लपत नाही.

लाइट जाणं गृहीत धरा. लॅपटॉप चार्ज केलेला, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार, आणि टेस्टच्या आदल्या दिवशी कॅमेरा-माइकची चाचणी झालेली हवी.

## टप्पा ४ : टेक्निकल मुलाखत

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच पडतात, आणि उत्तर येत असूनही पडतात.

समजा प्रश्न आला : 'संख्यांची यादी आणि एक बेरीज दिली आहे. ती बेरीज होईल अशा दोन संख्या शोधा.' हा प्रश्न शंभरदा सोडवलेला असतो, म्हणून मुलं ऐकता ऐकताच कोड लिहायला घेतात. समोर बसून मला फक्त कीबोर्डचा आवाज येतो. त्याऐवजी क्रम असा ठेवा.

पहिलं, विचारून घ्या. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे का? तीच संख्या दोनदा येऊ शकते का? ऋण संख्या आहेत का? जोडी सापडली नाही तर काय परत करायचं? संख्या द्यायच्या की त्यांच्या जागा? यातलं प्रत्येक उत्तर कोड बदलतं. प्रश्न मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही.

दुसरं, साधी पद्धत तोंडाने सांगा. 'प्रत्येक जोडी तपासली तर उत्तर येईल, पण एन स्क्वेअर वेळ लागेल.' (एन म्हणजे यादीतल्या संख्यांची गणती, वेळ तिच्या वर्गाने वाढतो.) इतकंच. लिहायची गरज नाही.

तिसरं, सुधारणा सांगा आणि तिची किंमतही सांगा. हॅशमॅपमध्ये (साठवलेली नोंद लगेच शोधून देणारी रचना) संख्या साठवत गेलो तर एका फेरीत काम होतं, पण जास्तीची मेमरी लागते. यादी आधीच क्रमाने असेल तर दोन टोकांकडून आत येत जादा मेमरीशिवायही जमतं. मग विचारा, 'यातली कोणती लिहू?'

चौथं, लिहा आणि लिहिताना बोला.

पाचवं, स्वतःहून ड्राय रन करा, म्हणजे एक उदाहरण घेऊन कोड हाताने ओळीओळीने चालवून बघा. यादी घ्या ७, ३, ९ आणि हवी असलेली बेरीज १४. अनेक मुलं आधी सगळ्या संख्या मॅपमध्ये भरतात आणि मग शोधायला सुरुवात करतात. ७ वर आल्यावर १४ वजा ७ म्हणजे ७, तो मॅपमध्ये आहे, उत्तर सापडलं! पण यादीत ७ एकदाच आहे, कोडने त्याची जोडी त्याच्याशीच लावली. उपाय सोपा आहे : प्रत्येक संख्येसाठी आधी शोधा, नंतर ती भरा. ही चूक तुम्ही स्वतः पकडलीत तर मी ती चूक म्हणून नोंदवत नाही, उलट जमेची बाजू धरते. मला दाखवून द्यावी लागली तर मात्र हिशेब वेगळा होतो.

अडलात तर काय? 'मला असं वाटतंय की इथे क्रम लावल्याचा उपयोग होईल, पण मूळ जागा हरवतात, त्याचं काय करावं ते बघतेय' असं बोला. यावर मी हिंट देऊ शकते. शांततेवर हिंट देता येत नाही, कारण तुम्ही नेमके कुठे आहात तेच कळत नाही. हिंट मिळाल्यावर ती धरून पुढे जा. आपलीच पद्धत रेटत राहणारा उमेदवार पुढे सहकारी म्हणूनही तसाच वागेल, अशी शंका येते.

इंग्रजीबद्दल थोडं. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातल्या मुलांना वाटतं की भाषा नडली. खरं तर छोटी, सरळ वाक्यं पुरतात. 'मायसेल्फ अमुक तमुक' ने सुरुवात करून आई-वडिलांचे व्यवसाय सांगू नका. नाव, वर्ष, एक प्रोजेक्ट आणि त्यात तुम्ही केलेलं काम, मिनिटभरात संपवा. मोठ्याने बोलत प्रश्न सोडवायचा सराव रूममेटला समोर बसवून करा. त्याला कोडिंग येत नसलं तरी चालेल, तुम्ही गप्प झालात की 'बोल' एवढं म्हणायला त्याला सांगा.

तपासणी : अनोळखी प्रश्नावर सलग पंचेचाळीस मिनिटं बोलत काम करता येतं का? येत नसेल तर आणखी दोनशे प्रश्न मनात सोडवून उपयोग नाही.

## टप्पा ५ : मॅनेजर आणि एचआर

ही फेरी मुलं वाऱ्यावर सोडतात. 'टीममध्ये मतभेद झाला तेव्हा काय केलं?' या प्रश्नाला 'आमच्यात कधी भांडण झालंच नाही' हे उत्तर म्हणजे विकेट फेकणं. अॅमेझॉनसारखी कंपनी तर आपली १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स जाहीरपणे मांडते आणि प्रश्न त्यांच्यावरच बेतते, त्यामुळे पेपर जवळजवळ हातात असतो.

चार-पाच खरे प्रसंग लिहून ठेवा : मतभेद, चुकलेली डेडलाइन, स्वतःहून उचललेलं काम, कुणीतरी दाखवलेली चूक. प्रत्येकात परिस्थिती दोन वाक्यांत, तुम्ही काय केलंत ते सविस्तर, शेवट काय झाला ते एका वाक्यात. 'आम्ही केलं' हे चांगल्या संस्कारांचं बोलणं असलं तरी इथे 'मी केलं' कुठे सुरू होतं ते सांगावंच लागतं. शेवटी 'काही विचारायचंय का?' म्हटल्यावर 'मागच्या वर्षीच्या इंटर्नने काय काम केलं?' हे विचारा. उत्तरातून टीम कशी आहे ते कळतं.

## टप्पा ६ : ऑफर ते पहिला दिवस

कॉलेजची एनओसी, बोनाफाइड, पॅन, आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं. पॅनवरचं, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळतं का ते आत्ताच बघा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की अद्याक्षर, यावरून स्टायपेंड अडकतो. एनओसीवर विभागप्रमुख, टीपीओ, प्राचार्य अशा सह्या लागतात आणि मेमध्ये यातलं कुणीतरी रजेवर असतंच.

राहण्याची सोय ऑफिसच्या पत्त्यावरून ठरवा, शहरावरून नव्हे. हिंजवडी फेज ३ मध्ये ऑफिस आणि राहायला हडपसर, किंवा बंगळुरूत ऑफिस व्हाइटफिल्डला आणि पीजी बनशंकरीला, असं केलंत तर जूनच्या पावसात रोजचे तीन-चार तास रस्त्यावर जातील. पीजीचं डिपॉझिट किती, त्यातलं परत किती मिळणार आणि दोन महिन्यांत सोडलं तर काय कापणार, हे लेखी घ्या.

## टप्पा ७ : पहिला आठवडा

लॅपटॉप, अॅक्सेस, व्हीपीएन आणि कोड स्वतःच्या मशीनवर चालवणं यातच तो जातो. घाबरू नका, सगळ्यांचा जातो. मात्र प्रत्येक अॅक्सेसची विनंती पहिल्याच दिवशी टाका, कारण मंजुरी येईपर्यंत दिवस जातात. सेटअप करताना जुन्या कागदपत्रांत जे चुकीचं आढळेल ते दुरुस्त करा. इंटर्नचा पहिला बदल म्हणून तो उत्तम.

आठवडा संपायच्या आत एक पानभर लिहून मॅनेजरला दाखवा : प्रश्न काय आहे, काय करायचं, काय करायचं नाही, आणि 'झालं' कशाला म्हणायचं. हे पान नसेल तर सहाव्या आठवड्यात 'मला तर वेगळं हवं होतं' हे वाक्य ऐकायला मिळतं.

आणखी एक. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. वीस वर्षं 'सर-मॅडम' म्हणत आलेल्या आपल्या मुलांना ते जड जातं आणि मग ती हाक मारायचीच टाळतात. दोन दिवस विचित्र वाटेल, पण सुरुवात करा.

सावधान : कंपनीचा कोड किंवा डेटा स्वतःच्या मेलवर, पेनड्राइव्हवर, गिटहबवर नको. बाहेरच्या एआय चॅटमध्ये तर अजिबात नको. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं समोर आल्यावर कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी आणली होती. कोणती साधनं चालतात ते विचारून घ्या, अंदाज बांधू नका.

## टप्पा ८ : मधले आठवडे

इंटर्नशिप बिघडते ती इथेच, आणि तीही शांतपणे. मुलगा हुशार असतो. सोमवारी अडतो, 'आपल्यालाच येत नसेल' म्हणून गुरुवारपर्यंत एकटा झगडतो, रोजच्या स्टँडअपमध्ये (टीमची छोटी बैठक) 'काम चालू आहे' सांगतो. शुक्रवारी कळतं की एक परवानगी कमी होती आणि ती पाच मिनिटांत मिळाली असती. आठ आठवड्यांतला एक आठवडा गेला.

म्हणून नियम करा : तासभर स्वतः प्रयत्न, त्यानंतर विचारायचंच. फक्त विचारायची रीत शिका. 'कोड चालत नाहीये, जरा बघशील का?' या मेसेजवर मेंटॉरला काहीच करता येत नाही. असं लिहा :

'पेमेंट सर्व्हिस लोकल मशीनवर सुरू करतेय. डेटाबेसला जोडताना टाइमआउट येतोय, लॉग सोबत देतेय. व्हीपीएन चालू आहे, पासवर्ड पुन्हा तपासला, सेटअपच्या कागदातली सहावी पायरी दोनदा केली. माझा अंदाज, टेस्ट डेटाबेसचा अॅक्सेस मिळालेला नाही. तो कुणाकडून घ्यायचा?'

हा मेसेज लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर सापडतं. नाही सापडलं तरी समोरचा एका ओळीत सांगू शकतो.

कोड रिव्ह्यूबद्दल, म्हणजे सहकारी तुमचा कोड तपासतात त्याबद्दल, दोन गोष्टी. एक, बदल लहान ठेवा. दोन हजार ओळींचा पुल रिक्वेस्ट (बदल तपासून सामील करून घ्या अशी विनंती) कुणी उघडत नाही, उघडला तर वरवर बघून सोडून देतं. शे-दोनशे ओळींचा त्याच दिवशी बघून होतो. दोन, रिव्ह्यूवर तीस कॉमेंट आल्या म्हणून हिरमुसू नका, सीनियरच्या कोडवरही येतात. प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्या : केलं, किंवा का केलं नाही. तीच कॉमेंट तिसऱ्यांदा आली तर मात्र ती लक्षात ठेवली जाते.

दर शुक्रवारी मॅनेजरला चार ओळींचा मेल करा : काय झालं, काय अडलंय, पुढे काय, कुणाकडून काय हवंय. हे मेल साठवून ठेवा, शेवटच्या मूल्यमापनात तुमच्या कामाची आठवण तेच करून देतात.

तपासणी : निम्मा काळ उलटायच्या आत थेट विचारा, 'आज निर्णय घ्यायचा झाला तर मला पूर्णवेळ घ्याल का? नसाल तर काय कमी आहे?' विचारायला संकोच वाटतो हे खरं. पण उत्तर चौथ्या आठवड्यात मिळालं तर हाताशी वेळ असतो. मागे पडला असाल तर काम कमी करून मागा. तीन अर्धवट भागांपेक्षा चालणारा एक भाग जास्त मोलाचा ठरतो.

## टप्पा ९ : डेमो, हस्तांतरण, निरोप

नवीन कोड शेवटच्या आठवड्याच्या आधीच थांबवा. शेवटचा आठवडा टेस्ट, कागदपत्रं आणि डेमोचा. डेमोत पहिली दहा मिनिटं कंपनीचा आणि तंत्रज्ञानाचा परिचय देत बसू नका, ऐकणारे तिथेच काम करतात. आधी काय त्रास होता, आता काय बदललं, चालवून दाखवा. इंटरनेट दगा देईल म्हणून त्याचा व्हिडिओही जवळ ठेवा. जे राहिलं ते स्वतःच सांगा, कुणी विचारायच्या आधी.

पीपीओ (इंटर्नशिपवरून मिळणारी पूर्णवेळ नोकरीची ऑफर) तुमच्या कामाइतकाच त्या वर्षीच्या जागांवरही अवलंबून असतो. निकाल यायला वेळ लागतो, म्हणून कॅम्पसची तयारी बंद करू नका. पीपीओ स्वीकारल्यावर दुसऱ्या कंपन्यांना बसता येतं का, याचे तुमच्या कॉलेजचे नियम आधी वाचा.

जाण्यापूर्वी कॉलेजच्या क्रेडिटसाठी लागणारी डायरी आणि मूल्यमापनाचा फॉर्म यांवर मेंटॉरची सही घ्या. लॅपटॉप जमा केल्यावर कंपनीचा मेल बंद होतो आणि सहीसाठी माणूस शोधत फिरावं लागतं. रेझ्युमेत कामाचं कोणतं वर्णन लिहिलेलं चालेल, तेही मॅनेजरला तेव्हाच विचारून घ्या. स्टायपेंडमधून टीडीएस कापला असेल तर तो पॅनवर जमा झालाय का ते आयकराच्या पोर्टलवर तपासा. वर्षाचं उत्पन्न करपात्र होत नसेल तर मुदतीत रिटर्न भरून तो परत मिळतो.